बाबालाल मिस्त्रीची काळी भिंत

बाबालाल मिस्त्री कसबा बावड्यात खोकला तर रंकाळ्यावरचे बगळे उडायचे. हे ऐकीव सांगत नाही. एकदा मी रंकाळ्याच्या काठाला उभा असताना बगळे एकदम उडाले, आणि दुसऱ्या दिवशी चौकशी केली तर मिस्त्रीला खरोखरच पडसं झालेलं निघालं. आणखी काय पुरावा पाहिजे?

महाराजांचं राज्य होतं ते. मी गडहिंग्लजहून येऊन गुळाच्या एका अडतीवर कामाला लागलो होतो आणि मंगळवार पेठेत मामांच्या घरी राहत होतो. कोल्हापुरात तेव्हा गवंडी पुष्कळ होते, पण चुलीमागची भिंत करायची म्हटली की लोक बाबालालच्याच दारात जात. ताडमाड उंच माणूस, मेंदीनं लाल केलेली दाढी, आणि अंगाच्या प्रत्येक घडीत चुना. त्याच्या मिठीत सापडलेला माणूस दिवाळीच्या घरासारखा पांढरा होऊन बाहेर पडायचा. पाय तर बघण्यासारखे होते. आयुष्यभर चुना तुडवून त्यांना अशा भेगा पडल्या होत्या की एकदा एका भेगेत पडलेली सुपारी त्याला पुढच्या ईदला सापडली. डाव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला होता. बाकीची बोटं मिस्त्रीबरोबर चालायची आणि हा अंगठा एकटाच पन्हाळ्याला निघालेला असायचा.

चुना तयार झाला की नाही हे तो जिभेला लावून ठरवायचा. आपली जीभ भाजली असती. तो मात्र डोळे मिटून मिटक्या मारायचा आणि म्हणायचा, "अजून कच्चा हाय. हौश्याला आणखी फिरवा."

हौश्या म्हणजे त्याच्या चुन्याच्या घाणीचा बैल. गोल चरात दगडी चाक, चाकाला हौश्या, आणि हौश्याच्या शेपटीमागं मिस्त्रीची आरोळी. या हौश्याविषयी सांगितल्याशिवाय मिस्त्री कळायचा नाही. बाबालालनं जन्मात कधी चूक केली नाही. जी काही चूक व्हायची ती हौश्या करायचा. गडमुडशिंगीत एका घराची चौकट मिस्त्रीनं इतकी ठेंगणी बसवली, की घरमालक लग्नाच्या वरातीतनं घोड्यावर बसून आला तो थेट ओसरीवर आडवाच झाला. चिडून घाणीवर भांडायला आला.

"मिस्त्री, ही काय चौकट म्हणायची का कोंबड्याचं खुराडं?"

"माझ्याकडं काय बघतासा पावणं?" मिस्त्री म्हणाला. "त्या दिशी ह्यो हौश्या उलट्या अंगानं फिरला. चुना फिरला तशी भिंत फिरली. आता त्यालाच इचारा की!"

आणि तुम्हाला पटणार नाही, तो माणूस खरोखर बैलापुढं उभा राहून अर्धा तास शिव्या देत होता. शेवटी हौश्यानं हंबरून मान खाली घातली, तेव्हा माणूस म्हणाला, "बरं, कबूल तरी केलं," आणि समाधानानं घरी गेला.

आता चुलीमागच्या भिंतीचं सांगतो. त्या काळी रीत अशी होती, की नवं स्वयंपाकघर झालं, चूल मांडली, तिच्यावर दूध उतू घातलं, की त्या खोलीत घरच्या माणसांखेरीज कुणी पाऊल टाकायचं नाही. बाबालाल तर मुसलमान. तेव्हा ज्याच्या हातानं भिंत उभी राहिली, त्यालाच ती पेटत्या चुलीसकट कधी बघायला मिळायची नाही. याचं कुणाला काही वाटत नसे. मिस्त्रीलाही वाटत असलं तर तो बोलत नसे. रीत होती, चालत होती.

पण मग खोलीला भिंत शोभेल की नाही हे ठरवायचं कसं? मिस्त्रीनं त्यावर आपला उपाय काढला होता. तो घरामागच्या परड्यात जाऊन बसायचा. जुन्या स्वयंपाकघरातली भांडी घासायला परड्यातच येतात. लुगडी तिथंच वाळत पडतात. पाटा-वरवंटा, सुपं, राखेचा ढीग, सगळं तिथंच. मिस्त्री उकिडवा बसून डावा डोळा मिटायचा आणि त्या पसाऱ्याकडं सकाळभर बघायचा. मग उठून सांगायचा, "ह्या घराला पिवळी माती," किंवा "ह्या घराला पांढरी भिंत, वर लाल कावेची पट्टी." त्याचं म्हणणं होतं, "आतली खोली रोज भाईर येती आंघोळीला. तवा बगून घ्यायची."

बावड्याच्या एका पाटलांना चुलीमागं हिरवीगार भिंत पाहिजे होती. कुठल्या तरी सरदाराकडं बघून आले होते. मिस्त्रीनं वाद घातला नाही. एक फळी हिरवी रंगवली, परड्यात उभी केली आणि तिच्यापुढं पाटलांची सगळी पितळी भांडी मांडली.

"बगा पाटील. कावीळ झाल्यागत दिसत्यात का न्हाय?"

पाटलांनी मान तिरकी करून बघितलं. "दिसत्यात खरी."

"मग आता भिंत तरी बदला, न्हायतर भांडी तरी."

पाटील म्हणाले, "भांडी बदलू की!" तेवढ्यात मागनं पाटलीणबाईंचा आवाज आला, "बदला बदला. ही माझ्या म्हायेरची हायत. त्यास्नी घिऊन मी जाते, मग तुमी हिरव्या भिंतीला टेकून जेवा." भिंत पिवळ्या मातीची झाली. पाटील त्यापुढं आयुष्यभर हिरवा रंग दिसला की इकडंतिकडं बघत.

असा हा माणूस. त्याला मामांनी बोलावलं.

मामांचं जुनं स्वयंपाकघर इतकं अंधारं होतं, की एकदा त्यांनी भाकरी समजून तव्याचं फडकं खाल्लं आणि वर मीठ कमी आहे म्हणाले. म्हणून घराच्या मागच्या अंगाला नवी खोली काढली. खोली झाली, पण चुलीमागच्या भिंतीवर घर अडलं. थोरल्या सुनेला गुलाबाच्या फुलांच्या विलायती चकचकीत फरशा हव्या होत्या. धाकटीला पोपटी रंग हवा होता. मामी म्हणाल्या, "आमच्या सासूनं पांढऱ्या मातीवर जलम काढला, माझा बी निघंल." मामांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणाले, "मला काय, कुठलीबी चालंल," आणि तिघींनी एकदम त्यांच्याकडं असं बघितलं की ते उठून तालमीत गेले.

बाबालाल आला. परड्यात बसला. डावा डोळा मिटला. मामींची भांडी म्हणजे लोखंडी कढई, लोखंडी तवा, कुंभाराकडची काळी मडकी, आणि त्यात दोन पितळी घागरी, तांब्याचा एक हंडा. नव्या खोलीचे वासेही जुन्या घराचेच, धुरानं काळेभोर झालेले. दुपार कलल्यावर मिस्त्री उठला आणि गर्जला, "काळी!"

धाकटीच्या काखेतलं पोर दचकून रडायला लागलं.

"काळी?" मामी म्हणाल्या. "मिस्त्री, शुभाच्या चुलीमागं काळं करायला सांगतासा व्हय?"

"वैनी, तुमच्या गळ्यातलं मणी कंच्या रंगाचं हायत?"

मामींचा हात गळ्याकडं गेला.

"पोराच्या गालाला तीट कंची लावतासा? काळीच की! माझं ऐका. खोलीत सगळं काळं हाय, त्यात एकटी भिंत पांढरी केली तर बामणाच्या पंगतीत पैलवान बसल्यागत दिसंल. काळी करू, घोटीव करू. धूर बसला तरी दिसायचा न्हाय, फोडणी उडाली तर एका फडक्यात निघंल. आन् ती पितळी घागर तिच्या म्होरं ठिवली की अशी दिसंल, अशी दिसंल, का सूर्य उगवलाय म्हणून कोंबडा आरवंल. शोभंल का न्हाय ते बोला!"

शोभेल, असं तिघींनाही एकदम वाटलं. त्या घरात तिघींचं एकमत झाल्याचा तो पहिलाच प्रसंग असेल.

मग मिस्त्रीनं भिंत करायला घेतली. चुना, काजळी, हिरड्याचं पाणी, आमच्या अडतीवरचा गूळ, आणि अंड्यांतला पांढरा बलक. अंडी इतकी लागली, की मंगळवार पेठेतल्या कोंबड्या मिस्त्रीला बघून गल्ली बदलायला लागल्या. गिलावा झाल्यावर त्यानं गारगोटी घेतली आणि घोटायला बसला. घोट घोट घोटलं. चहा विसरला, पान विसरला, ओरडायचंसुद्धा विसरला. बावड्याहून त्याच्या बायकोनं माणूस पाठवून विचारलं, "आवाज येईना झालाय, जित्ते हायत न्हवं?"

शेवटी तो बाजूला झाला, तेव्हा आम्ही ती भिंत बघितली. कातळाच्या विहिरीतलं पाणी उभं करून ठेवावं तशी काळी आणि खोल. एक चिमणी येऊन तिच्यातल्या चिमणीशी भांडून गेली. मामांनी त्या भिंतीत बघून पटका सारखा केला. सगळे हसले. त्या हसण्यात कुणाच्या काही ध्यानात आलं नाही, मिस्त्रीच्याही नाही.

चांगला दिवस बघून दूध उतू घातलं. बाबालाल रीतीप्रमाणं परड्यात उभा होता. तिथनंच ओरडला, "वैनी, कशी दिसतीया?"

आतनं मामींचा आवाज आला, "काय सांगू मिस्त्री! बघत बसावं वाटतंय."

मिस्त्रीनं छाती फुगवली. "ह्याच्यापेक्षा चांगली माझ्या हातनं हुयाची न्हाय," असं मला म्हणाला आणि गेला.

बघत बसावं वाटतंय, असं मामी म्हणाल्या, आणि त्या बघत बसल्या.

आता स्वयंपाकघराची रचना ध्यानात घ्या. चुलीपुढं बसलेल्या बाईचं तोंड भिंतीकडं आणि पाठ सगळ्या घराकडं. आमच्या घरची शांतता त्या पाठीवर उभी होती. तीस वर्षं मामींच्या आमटीच्या पहिल्या घासाला मामा "वा!" म्हणायचे, आणि मामींची पाठ वळली की आढ्याकडं बघून दोन्ही हात जोडायचे. धाकटी मामींच्या चालण्याची अशी नक्कल करायची, की मांजरसुद्धा फसून तिच्यामागं दुधाला जायचं. थोरली भाकऱ्या थापताना जावेकडं बघून डोळे फिरवायची. थोरला मुलगा आईनं वाढलेली कारल्याची भाजी गुपचूप बापाच्या ताटात ढकलायचा. हे सगळं पाठीमागं चालायचं, म्हणून पुढं सगळं गोडीत चालायचं. जगातलं कुठलंही घर असंच चालत असणार.

आणि आता मामींना पाठीमागचं सगळं दिसायला लागलं.

पहिल्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी उलटता उलटता, मान न वळवता म्हणाल्या, "धाकटे, माझं चालणं करून झालं असलं तर पीठ मळाय घे."

धाकटीच्या हातातली परात खाली पडली.

जेवताना मामांनी हात जोडले, तर चुलीकडनं आवाज, "देवाला कशापायी तरास देतासा? आमटी नगो असंल तर ताक घ्या." मामांना असा ठसका लागला की शेजारपाजारचे धावत आले.

घरात कुजबूज सुरू झाली. मामींच्या अंगात काहीतरी आलंय, त्यांना पाठीला डोळे फुटलेत. गल्लीत बातमी गेली. एक म्हातारी हरवलेल्या म्हशीचा ठावठिकाणा विचारायला नारळ घेऊन आली. मामींनी नारळ ठेवून घेतला आणि म्हैस पंचगंगेकडं असेल म्हणाल्या. आता म्हैस दुसरीकडं कुठं जाणार? ती तिथंच सापडली, आणि दुसऱ्या दिवशी दारात चार म्हातारे उभे.

हसू नका, इथंपर्यंतच गंमत होती. मामींना ताप आला आणि थोरली चुलीपुढं बसली. तिनं भिंतीत काय बघितलं, तर घोंगडं पांघरून दाराशी बसलेल्या सासूबाई तिच्या भाकरीकडं बोट दाखवतायत आणि धाकटी नाकाला पदर लावून हसतेय. आता सगळ्यांना सगळं कळलं. पाठीला डोळे मामींना नव्हते, भिंतीला होते.

त्यानंतर जे झालं ते मी कुस्तीच्या मैदानातही बघितलं नाही. कुणी काय केलं होतं, कुणी कुणाला काय खुणावलं होतं, सगळं बाहेर निघालं. आवाज चढले, मग आवाज बंद झाले, आणि बंद झालेले जास्त वाईट होते. जे मामा इतकी वर्षं "वा" म्हणायचे, त्यांच्यावर मामींचा विश्वास उडाला. "तीस वर्सं खोटं बोललासा," एवढंच त्या म्हणाल्या आणि आमटी करायचीच बंद केली. शेवटी थोरल्या मुलानं मान खाली घालून बापापुढं तोंड उघडलं, "आबा, आमची चूल येगळी मांडतो. येत्या पुनवंला."

आपल्याकडं या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. चूल वेगळी झाली की भिंत येते, अंगणात काठी आडवी पडते, आणि पोरं एकमेकांच्या दारात जायला भितात. मामा एका रात्रीत वाकले. सकाळी मला म्हणाले, "बाबालालला घिऊन ये बाबा. पुनव जवळ आलीया."

मी बावड्याला गेलो. मिस्त्री घाणीवर होता. सगळं सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"भिंत मोडाय सांगतासा? माझी काळी भिंत? भांडणं तुमी करायची आन् मोडायची माझी भिंत व्हय? हां, येवढं खरं की त्या दिशी हौश्या जरा..." तो बैलाकडं वळला. हौश्यानं त्याच्याकडं बघितलं. मिस्त्रीनं वाक्य तसंच सोडलं आणि पटका उचलला. "चला. परडं बघू."

सवयीनं तो मामांच्या परड्यात उकिडवा बसला आणि डावा डोळा मिटला. मी शेजारी उभा होतो. आजवर त्या परड्यात भांड्यांचा एकच ढीग असायचा. त्या दिवशी दोन होते. एका अंगाला थोरलीची भांडी, दुसऱ्या अंगाला धाकटीची. मधल्या जागेत मामींची आमटीची कढई एकटीच उपडी पडली होती, घासून कोरडी, काही दिवस चुलीवर न चढलेली. वाळणातली लुगडीही दोन दोऱ्यांवर.

मिस्त्रीनं डावा डोळा उघडला. मी त्याला दोन्ही डोळ्यांनी परडं बघताना तेव्हाच बघितलं. मग इतक्या हळू म्हणाला, की त्याच्याच आवाजाची मला ओळख पटेना.

"बैल न्हाय चुकला, पावणं. मी चुकलो. मी भांड्यांस्नी शोभती का बघितलं. वाश्यांस्नी शोभती का बघितलं. माणसांस्नी शोभती का, ते बघाय इसरलो."

मामा मागच्या दाराशी येऊन उभे होते. "आता काय करायचं मिस्त्री?"

"मालक, मला आत जावं लागंल. बघितल्याबिगर कळायचं न्हाय. पर चूल पेटलीया."

रीत आडवी आली होती. मामा एकदा मिस्त्रीकडं बघत, एकदा दाराकडं. तेवढ्यात मामी आतनं बाहेर आल्या. तापातनं उठलेल्या, डोळे खोल गेलेले. म्हणाल्या, "पुनवंला ह्या घराच्या दोन चुली हुणार हायत. त्या दोन झाल्यावर मी कुठली जपू आन् कुणासाठी जपू? मिस्त्री, पाय धुवा आन् आत या."

मिस्त्रीनं हौदावर पाय धुतले. इतके घासून धुतले की मला वाटलं अंगठा सरळ होतोय. मग तो आत गेला. चाळीस-एक घरांच्या चुलींमागं ज्यानं भिंती घातल्या, तो माणूस पहिल्यांदाच त्यांतल्या एका पेटत्या चुलीसमोर उभा होता. मामींनी त्याला आपल्या पाटावर बसवलं. जाळ भिंतीत उतरला होता, पितळी घागर भिंतीत उगवली होती. त्यानं सांगितलं होतं तशीच, अगदी तशीच. मिस्त्री बघत राहिला. मग त्याची नजर जरा वर गेली, आणि त्याला आम्ही सगळे दिसलो. एका कोपऱ्यात थोरली तोंड फिरवून, दुसऱ्यात धाकटी पोराला घट्ट धरून, दारात मामा, हात कुठं ठेवावेत ते न सुचून उभे.

"याऽ अल्ला," तो म्हणाला. "येवढं रोज बघायचं म्हंजे देवाचं काम हाय. बाईमाणसाचं न्हवं."

हे ऐकून मामींना रडू आलं का हसू, ते त्या पाठमोऱ्या असल्यामुळं मला कळलं नाही. भिंतीत बघितलं तर कळलं असतं. मी बघितलं नाही.

मिस्त्रीनं खरबरीत दगड मागवला. "माझ्या भिंतीला मीच हात लावणार," म्हणाला आणि घासायला लागला. गारगोटीनं जी चकाकी आणायला त्यानं चहा सोडला होता, ती दगडाखाली राखेसारखी मरत गेली. अर्धी भिंत झाली तसा मामींचा आवाज आला.

"मिस्त्री, थांबा. एक इनंती हाय."

"बोला वैनी."

"मला पाठीमागचं कायबी दिसू नगो. कोण तोंड वाकडं करतंय, कोण हात जोडतंय, करू द्यात बिचारी. पर धाकटीचं पोर आता रांगाय लागलंय. मागनं चुलीकडं आलेलं मला कळायचं न्हाय. तेवढं दिसंल येवढं ठेवा. खालच्या अंगाला. गुडघ्याच्या वरचं कुणाचं काय दिसाय नगो."

धाकटीनं मान वर केली. तिनं मामींकडं बघितलं, मग पोराकडं, मग परत मामींकडं. उठली आणि कोपरा सोडून मामींच्या शेजारी जाऊन बसली.

मिस्त्रीनं चुलीच्या उजव्या अंगाला, जमिनीलगत, भाकरीएवढा काळा गोल राखला. बाकी सगळ्या भिंतीवर काव चढवली. जात्यासारखी खरखरीत, लाल, मुकी भिंत. जमिनीच्या तांबड्या सारवणाशी अशी मिळून गेली की भिंत कुठं सुरू होते ते कळू नये. तांब्याचा हंडा तिच्यापुढं जरा कमी उठून दिसायला लागला, ही गोष्ट खरी. पण घर सुटलं! दुसऱ्या दिवशी मामींनी आमटी केली. मामा पहिल्या घासाला "वा!" म्हणाले. मामींची पाठ वळली. आम्ही सगळे श्वास रोखून मामांच्या हातांकडं बघत होतो. मामांनी आढ्याकडं बघितलं, हात जोडले, आणि पाठमोऱ्या मामी काहीही बोलल्या नाहीत. थोरला इतक्या जोरात हसला की त्याच्या ताटातलं कारलं उडून धाकटीच्या ताटात पडलं, आणि धाकटीनं ते खाऊन टाकलं. पौर्णिमा आली आणि गेली. परड्यात भांड्यांचा एकच ढीग, आणि तो मी मुद्दाम रोज बघून यायचो. बाबालालनंही बावड्याहून येऊन दोनदा बघितला, आणि दोन्ही वेळा सांगितलं की तो दुसऱ्याच कामासाठी इकडनं चालला होता.

त्यानंतर मिस्त्री कुणाकडं भिंत करायची म्हटलं की परडं बघायचा, आणि मग त्या घरच्या ओसरीवर बसून गप्पा मारायचा. कोण कुणाशी कसं बोलतं ते ऐकायचा. लोक म्हणायचे मिस्त्री आता कामाला उशीर लावतो. तो म्हणायचा, "मी न्हाय, हौश्या दमतोय."

मामींना त्या काळ्या गोलाची पुढं अशी सवय झाली, की त्या माणसं पायांवरनं ओळखायच्या. "आज चप्पल नवी दिसतीया," असं मला मान न वळवता म्हणायच्या. पोर रांगायचं थांबलं, चालायला लागलं, शाळेत गेलं, तरी तो गोल मामींनी रोज फडक्यानं पुसला.

मिस्त्रीला मी शेवटचं बघितलं ते पुष्कळ वर्षांनी. मी मामांकडं जेवायला आलो होतो. हौश्या कधीच गेला होता. घाणीवर नवा बैल होता आणि नवा मिस्त्री. बाबालालची दाढी पांढरी झाली होती, मेंदी लावायचं त्यानं सोडलं होतं, आणि तो आवाज, बगळे उडवणारा, तो पिठाच्या चाळणीतनं गाळल्यासारखा झाला होता. तो मागच्या दारानं आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबला. नुसताच उभा राहिला. हाक मारली नाही, खाकरला नाही. सवय होती ती जन्माची.

मामी चुलीपुढं भाकरी थापत होत्या. त्यांनी खालच्या गोलाकडं बघितलं. त्यात दोन पाय उभे होते, नुकतेच धुतलेले, पाणी गळणारे, रंकाळ्याचा तळ उन्हाळ्यात फाटावा तसे भेगाळलेले. डाव्या पायाचा अंगठा अजून पन्हाळ्याला निघालेलाच होता.

"मिस्त्री, भाईर का उभं ऱ्हायलासा?" मामी मान न वळवता म्हणाल्या. "पाट घेतलाय. कशी काय वाट चुकलासा आज?"

"मी कुठं चुकलोय वैनी," मिस्त्री म्हणाला. "बैलानं आणलं."

आणि त्या भाकरीएवढ्या काळ्या गोलात मी बघितलं, ते दोन पाय उंबरा ओलांडून आत आले.